गार दाभण

२४ नोव्हेंबर १९९८, मंगळवार. कळंब.

आक्का, तुमच्या तेराव्याची भांडी घासून झाली. गावकीची दोन मोठी पातेली, पराती, झारे, वाढपाच्या बादल्या. एका पातेल्याचं बूड इतकं करपलं होतं की विटेच्या तुकड्यानं खरवडावं लागलं. तुम्ही असतात तर भात लावणाऱ्याला जागेवर सुनावलं असतंत. भांडी परत पाठवली, पंगत बसली होती तिथं सडा टाकला आणि तुमची पेटी आवरायला घेतली.

पेटीत फार काही नव्हतं. दोन लुगडी, एक घडी न मोडलेलं इरकल, बारामतीच्या दवाखान्याचे कागद, माझी शिवणाची टेप. तळाशी गोळ्यांची रिकामी डबी, आणि डबीत ते दाभण. पोती शिवायचं, टोकाला जरा वाकलेलं, मुठीला चिंधी गुंडाळलेलं. साडेचार वर्षं ते बाहेर निघालं नव्हतं. मला वाटत होतं, तुम्ही ते कधीच उकिरड्यात टाकलं असेल.

ह्या दाभणाचं नाव घेऊन आपण दोघी जावा एकदाच बोललो, आणि त्या एका वेळी दोघीही खोटं बोललो. आज ते लिहून काढते आहे, कारण तेरावं झालं आणि माझी शेवटची सबब संपली.

तुम्ही कावीळ उतरवायच्या. तुमच्या वडिलांची मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन ते कोकणाकडं जायचे. मेंढरांना आणि माणसांना डाग द्यायची विद्या त्यांची, ती त्यांनी मुलगा नव्हता म्हणून तुम्हाला दिली. वार दोन, रविवार आणि बुधवार. माणूस अनशापोटी आलेला हवा. अंगणातल्या लिंबाखाली कळंबचे, वालचंदनगरच्या क्वार्टर्समधले, लासुर्ण्याचे, कधी पार मोरगावाकडचेसुद्धा येऊन बसायचे. तुम्ही अंगठ्यानं खालची पापणी ओढायच्या. "वर बग. आता खाली बग. हाय." मग चुलीत लाल केलेल्या दाभणाचे डाव्या मनगटावर तीन डाग, आणि वरून पाल्याचा रस. कसला पाला ते सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. पैसा घ्यायचा नाही. एकदा वालचंदनगरचा एक फिटर गुपचूप नारळ ठेवून गेला, तर तुम्ही भाऊजींना सायकलवर त्याच्या मागं पिटाळलंत.

लोकांना गुण यायचा. पुढं डॉक्टरांनी मला सांगितलं की पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची महिना-दीड महिन्यात आपोआपच जाते. मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग ग्येली का न्हाय? मला काय, गेल्याशी काम."

रेश्माचा रविवार मला अजून तासाला तास आठवतो. सन १९८५. सायकलवाल्या बशीरभाईंची रेश्मा, आठ वर्षांची, माझ्याच वर्गात दुसरीला. मी ओट्यावर वह्या तपासत होते. तुम्ही पहिला डाग दिलात आणि पोरगी अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी लाल पेन हातात घेऊनच धावले. तुमच्या हातातून दाभण हिसकावलं आणि अंगणभर माणसं असताना ओरडले, "लेकराला जाळताय? लाज नाही वाटत? कुठल्या काळात राहता तुम्ही?"

ह्या घरात थोरल्या जावेला असं कुणी बोललं नव्हतं. भाऊजी तोंड फिरवून गोठ्यात गेले. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र रेश्माचं मनगट धरून त्यावर फुंकर घालत राहिलात. मग म्हणालात, "मास्तरीण म्हणती ते खरं हाय. आपण डाग द्यून मोकळं, कळ लेकराला."

राहिलेले दोन डाग तुम्ही गार दाभणानं दिलेत. रक्ताचा थेंब येईस्तोवर टोचायचं आणि रस चोळायचा. रेश्मा हात ओढत होती, म्हणून तुम्ही आधी स्वतःच्या अंगठ्याला टोचून घेतलंत. "ह्ये बग. मला काय झालं का? रगात आलं, पुसलं. झालं." दाभण पदराला पुसलंत आणि तिच्या मनगटात खुपसलंत. ती रडायची थांबली. हसलीसुद्धा.

सोमवारी शाळेत मी हेडमास्तरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की अंधश्रद्धा एका दिवसात जात नसते, पण आमच्या घरातला विस्तव तरी मी विझवला.

त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही दाभण तापवलं नाहीत. आणि समोर लहान मूल असलं की पहिलं टोचणं स्वतःच्या अंगठ्याला. तुम्हाला मूल नव्हतं. दुसऱ्यांची मुलं रडली की तुम्ही हातातलं काम टाकून धावायच्या. माझी दोन्ही तुमच्याच मांडीवर वाढली. म्हणून तर मी पिशवी खांद्याला लावून शाळेत जाऊ शकले. त्यांना कधी कावीळ झाली नाही, म्हणून ती लिंबाखाली बसली नाहीत. दोन्ही वाचली. बाकीच्यांचं तसं नव्हतं.

१९९४च्या एप्रिलात तुमच्या डोळ्यांत मला पिवळं दिसलं. तुम्ही भाकरी थापत होता. मी म्हणाले, "आक्का, वर बघा." तुम्ही हसलात. "आता तू माझं डोळं बगणार व्हय?" मग आपण होऊनच सांगितलंत की लघवी पंधरा दिवस हळदीसारखी होते आहे. देणाऱ्याला आपला डाग आपण घेता येत नाही. दुसऱ्याच्याच हातानं घ्यावा लागतो. तुम्ही माझ्यापुढं मनगट धरलंत. "तू दे."

"मी? अहो, मी मास्तरीण आहे."

"म्हंजी दवाखान्यात चल म्हणतीस. चल बाई. तुजं तोंड कोण बंद करणार!"

बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून बघितलं आणि विचारलं, लहानपणी कधी झाली होती का? तुम्ही मनगट पुढं केलंत. वडिलांनी दिलेले तीन डाग, जुने, पांढरे पडलेले. डॉक्टर म्हणाले, "ही बी प्रकारची कावीळ. तेव्हा ती गेलीच नव्हती, आजी. आत झोपून राहिली होती. आता उठली." मग त्यांनी कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं. गुडघ्यासाठी तुम्ही आठवड्याच्या बाजारातल्या एका डॉक्टरकडून वर्षभर पांढऱ्या गोळ्या आणत होता, मला न सांगता. तुम्ही कनवटीतून पुडी काढून दिलीत. त्यांनी ती बघून कपाळाला आठ्या घातल्या. ह्या गोळ्यांनीच उठवली असणार, म्हणाले.

तिला बाहेर काढायचं औषध तेव्हा हाताशी नव्हतं. पुण्या-मुंबईला काही महिन्यांची इंजेक्शनं होती, पण तुमचं लिव्हर आधीच कडक झालं होतं आणि भरवसा कुणी देत नव्हतं. उठली आहे तर सांभाळायची, परत झोपेल असं बघायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. आणि मग त्यांनी आपल्या दोघींना नीट समजावून सांगितलं: जेवणातून, शिवाशिवीतून ही लागत नाही. रक्तातून लागते. एकाची सुई दुसऱ्याला, एकाचा वस्तारा दुसऱ्याला. आणि आईकडून बाळाला, जन्मताना. आईला आहे हे आधी माहीत असेल आणि बाळाला जन्मल्याबरोबर लस टोचली, तर बाळ बहुतेक वाचतं. नाही टोचली तर त्याच्या अंगात ती जन्मभर राहते.

"घरात कुणी सुईचं काही काम करतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मी शिवण करते." ते हसले.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होता. भवानीनगर मागं पडलं. मग बाहेर उसाकडं बघतच विचारलंत, "मास्तरीण, माझ्या दाभणानं कुणाला गेली असंल का?"

मी म्हणाले, "नाही. तुम्ही तापवत होता ना?"

तुम्ही माझ्याकडं वळून बघितलंत. कंडक्टर तिकिटं फाडत आपल्यापर्यंत आला होता, तो पुढं गेला. मग तुम्ही म्हणालात, "व्हय. तापवत हुते."

त्या बुधवारी अंगणात चार माणसं आली, तर तुम्ही ओट्यावरूनच सांगितलंत, "जावा बाबांनो. माझा गुण ग्येला." एकजण पाया पडायला लागला, त्याला तुम्ही सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवलात. गावात आठ दिवस चर्चा. मास्तरणीनं दाभणाला हात लावला म्हणून गुण गेला, असं बायका नळावर म्हणायच्या. माझ्या कानावर यायचं. मी रागावायचे, आणि माझ्या रागाला काही अर्थ नाही हे मलाच माहीत असायचं.

मग साडेचार वर्षं आपण त्या काविळीला सांभाळलं. मी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली, कुणाला नव्हती. सगळ्यांना लसीची तीन-तीन इंजेक्शनं टोचून आणली. भाऊजींचा वस्तारा वेगळा. तुम्हाला विळी लागली की रक्त पुसलेली चिंधी जाळायची. मीठ बंद. मिठावरून आपली रोज भांडणं. "अळणी खायाचं म्हंजी जित्तेपणी सुतक," असं तुम्ही म्हणायच्या, आणि मी शाळेत गेले की शेजारणीकडून खर्डा आणून खायच्या. संध्याकाळी पावलं सुजलेली दिसली की मला कळायचं. लघवीची गोळी घेतली की शेतात जायचं टाळायच्या, कारण बांधाबांधाला बसावं लागायचं. दर तीन महिन्यांनी बारामती. गेल्या वर्षापासून पोटात पाणी व्हायला लागलं, तेव्हा मी रविवारी आणि बुधवारी सकाळी टेपनं तुमच्या पोटाचा घेर मोजायचे. वार मी ठरवले नव्हते. शाळेच्या गडबडीत तेच जमायचे. तुम्ही म्हणायच्या, "काय गं, पोलकं बेतती का?" दोन बोटं वाढलं की गोळी वाढवायची, चार वाढलं की दवाखाना. दोनदा सुईनं पाणी काढलं. तुम्ही त्या सुईकडं बघत राहिलात आणि नर्सला विचारलंत, "ही फेकता का वो पुन्ना?" ती म्हणाली, "फेकतो, आजी." तुम्ही मान हलवलीत.

घेर मोजतानाच तुम्ही नावं सांगायला लागलात.

आधी मला कळलंच नाही. टेप पाठीमागून घ्यायला मी वाकले की तुम्ही काहीतरी सहज आठवल्यासारखं म्हणायच्या. "लासुर्ण्याच्या गवंड्याची पोर आली हुती, परकर पिवळा. डोळं बी पिवळं. मी म्हनलं, एकच रंग लावलाय व्हय गं." पुढच्या वेळी परत तीच, आणि तिच्या पुढं आणखी एक. "कळंबचा दादा गुरव, त्याचा धाकटा." अशी एकेक. सगळी विस्तव गेल्यानंतरची. डाग दिलेल्यांची खूण मनगटावर राहते. गार दाभणाची खूण राहत नाही. ती माणसं कोण, हे फक्त तुमच्या डोक्यात होतं, आणि तुम्हाला लिहिता येत नव्हतं.

एकदा तुम्ही म्हणालात, "लिवून घे."

"कशाला?"

"तुला म्हायती हाय कशाला."

मी टेप गुंडाळली. म्हणाले, तुमचं सगळं आयुष्य लोकांचं भलं करण्यात गेलं, आता शेवटी नावाला बट्टा कशाला लावून घेता? तुम्हाला वाईट वाटलं असेल. मला तेव्हा फार शहाणपणाचं बोलल्यासारखं वाटलं. नाव तुमचं होतं, पण भीती माझी होती. लोकांना सांगायचं तर दाभण गार का झालं तेही सांगावं लागलं असतं.

मग तुम्ही स्वतः का सांगितलं नाहीत? हा राग मी आतल्या आत खूप दिवस ठेवला. तुमचीच माणसं, तुमच्या एका शब्दावर बारामतीला गेली असती. दिवाळीनंतर मी एकदा तो बोलून दाखवला. तुम्ही खाटेवर होता, पोट टरटरलेलं, हातापायाच्या काड्या. तुम्ही म्हणालात, "मी बोलले की तुजं नाव निघतं. सगळ्यांम्होरं इझवलास तू इस्तव. लोक इसरत्यात व्हय? त्यांची पोरं तुज्याकडं शिकत्यात. तुजं तू सांगितलंस तर येगळं. मी कसं सांगू?"

साडेचार वर्षं तुम्ही माझी वाट बघत होता. मला ते त्या दिवशी कळलं. मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि परत यायला बराच वेळ लावला.

आठ तारखेच्या रविवारी बशीरभाईंची बायको जैनबभाभी तुम्हाला बघायला आली. रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा सरत आलाय, म्हणाली. तुमच्या पायाला तेल लावून गेली. ती फाटकाबाहेर पडली तशी तुम्ही माझा हात धरलात. हाताला जोर नव्हता. "मास्तरीण, रेश्माकडं जा."

"जाते."

"कवा?"

"येत्या रविवारी जाते, आक्का. आठवड्यात शाळा आहे."

गुरुवारी सकाळी तुम्हाला रक्ताची उलटी झाली. जीप बारामतीला पोचेस्तोवर तुम्ही गेला होतात. माझ्या मांडीवर डोकं होतं. माझं लुगडं मी वेगळं धुतलं, हातात पिशव्या घालून, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. त्यातही मी चुकले नाही.

आणि मग सुतक आलं. सुतकातल्या माणसानं गर्भार बाई असलेल्या घरात जायचं नाही, तिच्या पोटातल्या बाळाला बाधतं. मी असलं कधी मानलं नाही. सासूबाईंच्या सुतकात मी चौथ्या दिवशी शाळेत हजर होते. पण ह्या वेळी मी सुतक असं पाळलं की भाऊजींनाही नवल वाटलं. रेश्माच्या घरावरून जाणारा रस्तासुद्धा टाळला. बाळाला बाधेल म्हणून, आक्का. मी.

आज तेरावं झालं.

पेटी आवरल्यावर मी ओट्यावर बसून नावं लिहिली. वाटलं होतं, निम्मी आठवणार नाहीत. वीस वर्षं रोज हजेरी घेते आहे. एकदा कानावर पडलेली नावं माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुम्ही ज्या क्रमानं सांगितली त्या क्रमानं सगळी उतरली. तेवीस. गाव, बापाचा धंदा, आणि तुम्ही सांगितलेली खूण: परकर पिवळा, समोरचे दोन दात पडलेले, आईच्या कडेवर झोपलेला. लिहिताना मी एका जागी थांबले, कारण तुमचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. मग पुढं लिहिलं. पाल्याचं नाव तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. ते तुमच्याबरोबर गेलं, बरं झालं.

बुधवार, २५ नोव्हेंबर.

सकाळी दिवस उगवल्यावर बशीरभाईंच्या दारात गेले. जैनबभाभी अंगण झाडत होती. "या बाई, या. आक्का गेल्या, आमचं घरचं माणूस गेलं बगा. पोरीला तर लई लागलं." रेश्मा उंबऱ्यात बसून होती, पोटावर ओढणी घेतलेली. मी चहा नको म्हणाले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कावीळ कुठली होती, दाभण, अंगठा, बाळ, आणि विस्तव कुणी विझवायला लावला ते. तेही गाळलं नाही.

जैनबभाभीच्या हातातला झाडू तसाच राहिला. मग म्हणाली, "बाई, साडेचार वरसं तुमी रोज हितनं शाळंत जात हुता की वो."

मी म्हणाले, "हो."

ती झाडू भिंतीला टेकवून आत गेली आणि चपला घालून आली. रेश्मानं डावं मनगट वळवून बघितलं. एकच डाग आहे तिथं, मसुराएवढा. मला म्हणाली, "बाई, तवा तुमी आला नसता तर तीन असतं." ती माझी बाजू घेत होती. मी तिला थांबवलं नाही.

साडेसातची एसटी मिळाली. जैनबभाभी माझ्या शेजारी बसली नाही. बारामतीत डॉक्टरांना सगळं परत सांगितलं. त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं आणि रक्त काढायला सांगितलं. खोलीतला माणूस ट्रे घेऊन आला, त्यात सुई आधीच काढून ठेवलेली होती. मी म्हणाले, ही नको. तो म्हणाला, "बाई, नवीनच आहे." मी म्हणाले, "दुसरी काढा. माझ्यासमोर पाकीट फोडा." तो वैतागला, पण त्यानं फोडलं. सुई बाहेर आलेली बघितली, तेव्हा रेश्माला हात पुढं कर म्हणाले.

निकाल परवा मिळणार आहे. येताना त्या दोघी पुढं कळंबला गेल्या. मी लासुर्ण्याला उतरले आणि पानाच्या टपरीवर गवंड्याचं घर विचारलं.